वरचा एक रुपया

माझ्या धाकट्या जावेला ॲडेनियमचं कलम करायला मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घरी आलेला पाहुणा तिच्या झाडांचं कौतुक करायला लागला की मी चहाचं आधण ठेवता ठेवता आतून म्हणतेच, "शिकलीय माझ्याकडं." पाहुणे हसतात. जाऊही हसते आणि म्हणते, "हो, ताईंनीच शिकवलं." तिनं ते इतक्या सहज कबूल करावं, याचाही मला राग येतो.

आमचं गाव कर्जतहून खालापूरकडं जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. दोन भावांची दोन घरं आणि मध्ये एक अंगण. एका घरात मी आणि माझा नवरा, दुसऱ्यात दीर आणि जाऊ. सासूबाई जेवायला आमच्याकडं आणि झोपायला त्यांच्याकडं. भाताची जमीन थोडी राहिलीय, ती दोघे भाऊ मिळून करतात. नवरा शिवाय खोपोलीला कामाला जातो. झाडांचा उद्योग बायकांचा, आणि तो सुरू केला मी.

ॲडेनियम म्हणजे वाळवंटातलं झाड. खाली हंड्यासारखा फुगीर बुंधा, वर थोडी पानं आणि भडक फुलं. आमच्याकडचा पाऊस असा की अंगणातल्या पाट्यावरवंट्यालाही शेवाळ चढतं. अशा ठिकाणी वाळवंटातलं झाड वाढवायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण जवळच्या एका फार्महाऊसवर मुंबईच्या मालकीणबाईंनी सडलेलं ॲडेनियम कुंडीसकट फेकलं होतं, ते मी उचलून आणलं. सडका भाग सुरीनं कापला, हळद लावली, आठवडाभर उलटं टांगून सुकवलं. ते जगलं. मग मी वीटभट्टीवरून फुटक्या विटांचा चुरा आणला, त्यात कोळसा मिसळला, वर प्लास्टिकचं छप्पर घातलं, आणि मला नादच लागला. एका झाडावर दोन रंगांचं कलम करायला मी स्वतःची स्वतः शिकले. बोटं किती वेळा कापून घेतली ते माझं मला माहीत.

जाऊ तेव्हा नुसती शेजारी येऊन बसायची. मग सुरी धरायला लागली. मग एक दिवस तिनं एका झाडाची मुळं मातीवर काढून कौलाच्या तुकड्यावर अशी पसरली की ते झाड मांडी घालून बसल्यासारखं दिसायला लागलं. सासूबाई ते बघून म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला गुण हाय." माझ्या हाताला काय होतं, ते त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते आजपर्यंत.

झाडं विकायला एक ॲप आहे. फोटो टाकायचा, किमान किंमत लावायची, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत लोक बोली लावतात. वेळ संपताना ज्याची बोली वर, त्याचं झाड. पैसे आले की माती झाडून, मुळं सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरायचं आणि कुरिअरनं पाठवायचं. त्यावर बोली लावणारे खरं नाव टाकत नाहीत, काहीतरी टोपणनाव घेतात. या ॲपवर मी गेले ती आमच्या पंचक्रोशीत पहिली. जावेचं खातंही मीच उघडून दिलं.

पुढं ॲपवाल्यांनी काही जुन्या विक्रेत्यांना लिलावांवर लक्ष ठेवायचं काम दिलं, त्यात मी होते. पगार नाही, पण नावापुढं एक हिरवं पान. त्या पानाचा मला फार अभिमान होता. खोटी बोली कशी ओळखायची ते त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. खोटी बोली म्हणजे झाड घ्यायचं नसताना नुसता भाव चढवायला लावलेली. अशी खाती बहुतेक नवी असतात. ती एकाच विक्रेत्याच्या मागं फिरतात, दुसऱ्याच्या झाडाकडं ढुंकून बघत नाहीत. खऱ्या गिऱ्हाइकानं बोली लावली की लगेच तिच्यावर चढतात, आणि शेवटची घटका आली की गप्प होतात, कारण जिंकलं तर झाड गळ्यात पडेल. खरं गिऱ्हाईक बरोबर उलटं वागतं. ते आधी दबा धरून बसतं आणि शेवटी उडी मारतं. हे ओळखायला शिक्षण लागत नाही, फक्त बारीक नजर लागते. आणि जळणाऱ्या बाईइतकी बारीक नजर कुणाची असते?

तर जावेच्या झाडांना भाव यायला लागला. सुरुवातीला माझ्याइतका, मग माझ्यापेक्षा जरा वर, मग फारच वर. माझं दोन रंगांचं झाड आठशेला गेलं त्याच रविवारी तिचं एकाच रंगाचं, मांडी घातलेलं, अडीच हजाराला गेलं. नवरा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "बघ, केवढ्याला गेलं." जणू माझ्याच लेकीचा निकाल सांगत होता. मी म्हटलं, "माझं आठशेला गेलं." तो म्हणाला, "बरं झालं की." आणि वरण मागितलं.

मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, आपल्याच घरात येतंय. पण ते आपल्या घरात येत नव्हतं, अंगणापलीकडं जात होतं. ती खोकी भरायला बसली की मी माझ्या छपराखालून बघायची. वर्तमानपत्र किती नीट दुमडते, दोरी कशी बांधते, खोक्यावर पत्ता लिहून झाल्यावर त्यावरून हात कसा फिरवते. तो हात फिरवणं मला सगळ्यात जास्त टोचायचं. मीही एकदा तसा फिरवून पाहिला. काही वाटलं नाही.

अशात एका निवृत्त मास्तरांचा मला निरोप आला. ते नाशिकचे, जावेचं जुनं गिऱ्हाईक, आणि ॲपवरचं त्यांचं टोपणनावही 'मास्तर'च. पानवाली म्हणून मला त्यांनी लिहिलं होतं. तुमच्या जाऊबाईंची झाडं मला फार आवडतात, पण दर वेळी कुणीतरी मला खालून ढकलत वर नेतं आणि शेवटी हात काढून घेतं, असं मला वाटतं. माझा गैरसमज असेल तर माफ करा. इतकंच. भांडण नाही, आरोप नाही.

खोटं कशाला बोलू, तो निरोप वाचून मला आनंद झाला. पोटातलं दुखणं एकदम थांबलं. मी हातातली सुरी पुसून ठेवली आणि फोन घेऊन ओट्यावर बसले. जावेचे गेल्या कित्येक आठवड्यांचे लिलाव उघडून एकेक बोली बघितली. मास्तर बरोबर होते. तीन खाती सापडली. एकाचं नाव 'रानमोगरा', दुसऱ्याचं 'लाल चिमणी', तिसऱ्याचं 'शंभर नंबरी'. तिन्ही जावेच्या पहिल्या लिलावाच्या सुमाराला उघडलेली. तिन्ही फक्त तिच्याच झाडांवर. मास्तरांनी सहाशे म्हटलं की रानमोगरा सहाशे एक्कावन्न. मास्तर सातशे, की लाल चिमणी सातशे एक. शेवट जवळ आला की तिन्ही गप्प. एकदाच चुकून लाल चिमणीच्या गळ्यात झाड पडलं होतं, कारण त्या रविवारी मास्तर बहुधा आलेच नव्हते.

आणि एक गोष्ट मला पक्की पकडल्यासारखी वाटली. या तिघांच्या प्रत्येक बोलीला शेवटी वरचा एक रुपया होता. पाचशे एक, सातशे एक, हजार एक. बाकीची दुनिया शंभराच्या, पन्नासाच्या उड्या मारते. एकच खोड तिघांना असेल कशी? म्हणजे तिघं एकच आहेत, हात एकच आहे. आणि तो हात कुणाचा, ते मला विचारायची गरज नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला.

तक्रार मी त्याच दुपारी केली. लिलावांचे फोटो जोडले, वरच्या रुपयाबद्दल सविस्तर लिहिलं, आणि 'विक्रेती माझी नातेवाईक आहे, पण कर्तव्य म्हणून कळवत आहे' असंही लिहिलं. ते वाक्य मला फार भारदस्त वाटलं होतं. तक्रार खरी होती. त्यातला एकही शब्द मी आज मागं घेणार नाही.

ॲप चालवणारे गृहस्थ पुण्याचे. त्यांचं उत्तर आलं की विक्रेतीचं खातं बंद करण्यासारखं हे प्रकरण दिसतंय, पण आधी खातरजमा करतो. चालू लिलाव चालू राहू देत. या तीन खात्यांपैकी ज्यानं झाड जिंकलंय, त्याच्याकडून झाडाचा आत्ताचा फोटो मागवतो. झाड खरंच कुणाकडं गेलंय की विक्रेतीच्याच घरी आहे, ते कळेल. मी म्हटलं, अवश्य मागवा. मनात म्हटलं, झाड अंगणापलीकडंच निघणार.

मधल्या दिवसांत जावेशी मी नेहमीपेक्षा गोड वागले. तिला कोळशाचं पोतं हवं होतं, माझ्यातलं अर्धं दिलं. ती म्हणाली, "ताई, तुमाला कमी पडेल." मी म्हटलं, "असू दे गं, मला एवढं कुठं लागतंय." ती पोतं ओढत गेली. तिचं खातं बंद झाल्यावर ती कोळशाचं काय करेल, असा विचार माझ्या मनात आला, आणि मी खाली मान घालून कुंड्यांना पाणी घातलं.

शनिवारी फोटो आला. पुण्याच्या गृहस्थांनी तो मला पुढं पाठवला. खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घातलेलं झाड, चांगलं टवटवीत, दोन कळ्या आलेल्या. झाडामागं अर्धवट सरकवलेला पडदा. जांभळ्या कापडावर पिवळी फुलं, खाली निळ्या रंगाची जोडपट्टी, कारण कापड कमी पडलं होतं. ते कमी पडलं होतं हे मला माहीत होतं, कारण तो पडदा मी शिवला होता. नणंदेनं रसायनीला नवीन खोली घेतली तेव्हा माझ्या हातानं शिवून, इस्त्री करून दिला होता.

मी तो फोटो मोठा करून बघितला. जोडपट्टीची शिलाई एका ठिकाणी वाकडी गेली होती, तीही दिसली.

लाल चिमणी म्हणजे माझी नणंद. जावेचा यात हात असेलही, नसेलही, पण नणंद होती. मी कुणाला काही बोलले नाही. नवऱ्याला सांगावं असं फार वाटलं, पण म्हटलं, त्याची बहीण, उगाच त्याला लागेल. आता हसू येतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जावेचं झाड लिलावात होतं. नवरा मोरीत आंघोळ करत होता, सासूबाई ओट्यावर चवळीच्या शेंगा सोलत होत्या, मी चुलीवर मासे परतत होते. आणि फळीवर ठेवलेला नवऱ्याचा फोन वाजला. साधा वाजला नाही. घुंगरू हलल्यासारखा तो बारीक आवाज मला झोपेतही ओळखू येतो. आपल्या बोलीवर दुसऱ्याची बोली चढली की ॲप तो आवाज करतं. माझ्या नवऱ्याला तुळस आणि सब्जा यातला फरक कळत नाही. त्याच्या फोनमध्ये झाडांचं ॲप कशाला असेल?

मी फोन उचलला. 'शंभर नंबरी, तुमची बोली मागं पडली आहे.'

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा मी फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं बघितलं आणि जराही चपापला नाही. ओले हात पुसत म्हणाला, "किती झाले?"

"हे काय आहे?"

"आगं, धाकटीचं झाड हाय ना आज."

"ते मला दिसतंय. तुम्हाला झाड घ्यायचंय?"

"मला कशाला झाड? घरची वस्तू हाय, पडत्या बोलीनं कशी जाऊ द्यायची?"

ओट्यावरून सासूबाईंनी विचारलं, "मास्तर चढले का रं?" त्यांच्या मांडीवर, शेंगांच्या टरफलांत, त्यांचाही फोन होता. रानमोगरा. नणंदेनं सगळ्यांना खाती उघडून दिली होती, जावेच्या पहिल्या लिलावाच्या आदल्या दिवशी. आईनं सांगितलं म्हणून. चुकून जिंकलेलं झाडही तिनं एका मैत्रिणीच्या नावापत्त्यावर मागवलं होतं, म्हणून धाकटीला पत्ता लागला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात तो रुपया पडला.

आमच्या गावदेवीला लोकांनी वाहिलेल्या साड्या, नारळ, कोहळे उत्सवाच्या शेवटच्या दिवशी सभामंडपात लिलावाला निघतात. पुजारी साडी दोन्ही हातांत उंच धरतो आणि हाक देतो, एकवार, दोनवार. ज्या घरची साडी असेल त्या घरची भावकी बोली उचलते. उचलते म्हणजे चढवते. आपल्या घरची वस्तू देवीपुढं स्वस्तात गेली तर मान जातो. बोली नेहमी वरचा रुपया लावून, कारण नुसता गोल आकडा अशुभ. दुसऱ्या हाकेपर्यंत उचलायचं आणि तिसऱ्या हाकेला गप्प बसायचं, म्हणजे दुसऱ्याला प्रसाद मिळतो. आणि चुकून आपल्याच अंगावर राहिली तर पैसे देवीला जातात, काही बिघडत नाही. हे मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. मी स्वतः नवऱ्याला मागून ढोसून बोली उचलायला लावलीय. तरी तीन खात्यांचा वरचा रुपया मला दिसला आणि त्यात मला जावेचा हात दिसला, माझं घर दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी म्हटलं, "आई, ते देवीचं असतं. इथं पैसे मास्तर देतात. तुम्ही चढवता आणि भरतात ते. याला फसवणूक म्हणतात."

"आमी काय चोरी केली?" सासूबाई म्हणाल्या. "घरच्या मानसाला उचलू नये तर कुनाला उचलावं?"

"धाकटीला माहीत आहे हे?"

"तिला कशाला सांगायचं? देवळात कुनी सांगून उचलतं का?"

मासे करपल्याचा वास यायला लागला होता. मी कढई उतरवली. मला खरं तर मास्तरांबद्दल बोलायचं होतं, नियमाबद्दल, हिरव्या पानाबद्दल. तोंडातून भलतंच निघालं. "आणि माझी झाडं घरची नव्हती?"

नवऱ्यानं सदरा डोक्यातून घातला, तो अडकला, मग बाहेर आला. म्हणाला, "तुझं येगळं हाय गं. तू पयल्यापासून करतेस. तू पडतेस कधी? धाकटी नवी, तिला आधार नको?"

"माझ्या पहिल्या लिलावाला मी नवी नव्हते?"

"तवा आमाला काय ठाव हुतं लिलाव कसा असतो ते."

खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या पहिल्या झाडाला एकच बोली आली होती, तीनशे, आणि मी त्या आनंदात शेवया केल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या, आणि कशाबद्दल ते कुणी विचारलं नव्हतं. मी तीनशेवरून आठशेवर आले ती एकेका गिऱ्हाइकाच्या पाया पडल्यासारखी आले. आणि हिच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून अख्खं घर उभं, तेही हिला न कळू देता. अडीच हजारांचा मला तेवढा राग आला नाही. पण माझ्या नवऱ्यानं, ज्यानं माझ्या एकाही झाडाचं नाव कधी पाठ केलं नाही, त्यानं तिच्या झाडासाठी आंघोळीला जाताना फोन फळीवर उघडा ठेवावा, हे मला गिळवलं नाही. अजूनही गिळवत नाही.

आता निर्णय माझ्या हातात होता. मी गप्प बसले असते तर जावेचं खातं बंद पडलं असतं. पुण्याच्या गृहस्थांना पडदा कुणाचा ते कळणार नव्हतं. फोटो रसायनीचा, झाड रसायनीला, पण तीन खाती खोटी आणि तिन्ही तिच्यासाठी, एवढं तिला बंद करायला पुरेसं होतं. ती संध्याकाळ मी त्या विचारात काढली. गोड विचार होता. मग मी दाराशी उभी राहून तिच्याकडं बघितलं. ती छपराखाली बसून मुळं कौलावर पसरत होती, जीभ जराशी बाहेर काढून, आपल्याच नादात. आणि मला वाटलं, ही आत्ता बंद पडली तर ही माझ्यापेक्षा खरंच वरचढ आहे की घरानं उचललेली आहे, हे मला जन्मात कळणार नाही. तेवढं मला कळायलाच हवं होतं. म्हणून मी पुण्याला सगळं खरं लिहिलं. चांगुलपणानं नाही.

तिन्ही खाती बंद झाली. घरातलीच माणसं निघाली म्हणून माझं हिरवं पानही गेलं. जावेला नुसती ताकीद मिळाली. तिला मी अंगणात उभ्यानंच सांगितलं. तक्रार मी केली हेही सांगितलं. ती ऐकता ऐकता हातातल्या सुतळीला पीळ देत राहिली. मग म्हणाली, "मास्तरांना किती जास्त पडले असतील, ताई?" माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं मास्तरांना फोन केला, जास्तीचे पैसे परत पाठवले, वर एक रोप फुकट पाठवलं. मास्तरांनी तिला आशीर्वाद दिले. मला, जिनं हे सगळं उघडकीला आणलं तिला, त्यांनी दोन ओळींचे आभार पाठवले.

सासूबाईंना मी ताकीद दिली की यापुढं या घरातून कुणीही, कुणाच्याही झाडावर, बोली लावायची नाही. त्या म्हणाल्या, "बरं बाई." नवऱ्याचा फोन त्यानंतर फळीवर गप्प पडून असायचा, आणि मी येता-जाता त्याच्याकडं बघायची.

मग जावेचा पहिला स्वच्छ लिलाव आला. कुणी उचलणारं नाही, ढकलणारं नाही. मी सकाळपासून फोन घेऊन बसले होते. दुपारपर्यंत मास्तर एकटेच होते, सातशेवर. मला आशा वाटायला लागली, हेही लिहून टाकते. संध्याकाळी कोल्हापूरचं एक जुनं, खरं गिऱ्हाईक आलं, मग पुण्याची एक बाई आली, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिघांनी एकमेकांवर अशा उड्या मारल्या की झाड तीन हजारांच्या पुढं गेलं. एकाही बोलीला वरचा रुपया नव्हता. पलीकडच्या घरात ती ओरडली नाही, नाचली नाही. कुकरची शिट्टी तेवढी झाली.

म्हणजे ती वरचढ होती. मला हवं ते उत्तर मिळालं, आणि ते शोधून, झाडूनपुसून, पुरावे लावून मीच आणलं होतं.

पुढच्या रविवारी माझं झाड होतं. माझं सगळ्यात जुनं, फार्महाऊसवरून उचलून आणलेलं, सडक्याचं वाचवलेलं. ते मी कधी विकणार नव्हते. पण मला दाखवायचं होतं. त्यावर मी तीन रंग चढवले होते, आणि तिन्ही एकदम फुलले होते. किमान किंमत लावली पाचशे. पान गेलेल्या नावाकडं लोक जरा लांबूनच बघतात, हे मला त्या दिवशी समजलं. सकाळी एक बोली आली, पाचशे. दुपारी तीच. चार वाजता तीच.

मी ओट्यावर बसले होते. नवरा पायरीवर बसून विळ्याला धार लावत होता आणि माझ्याकडं न बघण्याची फार काळजी घेत होता. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझ्या फोनमध्ये डोकावून बघितलं. त्यांना आकडे वाचता येतात.

"पाचशेच?"

"हं."

त्यांनी कमरेचा स्वतःचा फोन काढला, दाबून बघितला, परत खोचला. "ह्याच्यातनं आता लागत नाय," त्या म्हणाल्या. "तुज्याच्यातनं लावू का?"

"आई, स्वतःच्या झाडावर स्वतःच्याच फोनवरून? त्याहून मोठी लबाडी नाही."

"जास्त नाय गं. पाचशे एक. नुसता वरचा रुपया. एका रुपयानं कुनाचं काय जातंय?" आणि माझ्या मांडीवरच्या फोनकडं त्यांनी बोट नेलं. पायरीवर विळ्याचा आवाज थांबला होता.

मी फोन उचलून पदराखाली घेतला. म्हटलं, "लावायचा नाही, आई." मग हळूच म्हटलं, "पण लावते म्हणून अजून एकदा म्हणा. नुसतं म्हणा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काय समजायचं ते त्या समजल्या.

"लावते की गं थोरले," त्या म्हणाल्या. "पाचशे एक."

पाच वाजता झाड पाचशेला गेलं.